सरका जरा

सामान्य काळातील तेरावा रविवार
वाचने : २ राजे ४:८-११, १४-१६, रोमकरांस ६:३-४, ८-११, मत्तय १०:३७-४२



आजच्या पहिल्या वाचनातील शूनेमच्या बाईचे नाव पवित्र शास्त्राने कुठेच दिलेले नाही. ती आपल्याला माहीत आहे ती तिने वाढलेल्या जेवणामुळे. अलीशा संदेष्टा त्या गावावरून जात असे. एकदा तिने त्याला आग्रहाने जेवायला थांबवले आणि मग त्या वाटेने जाताना दर वेळी तो तिच्याकडेच जेवू लागला. पुढे तिने नवऱ्याला सांगून गच्चीवर त्याच्यासाठी लहानशी खोली बांधून घेतली. खोलीत काय ठेवले? खाट, मेज, खुर्ची आणि दिवा. ती सधन होती असे शास्त्रच सांगते. तरी आपल्या ऐपतीला काय शोभेल हे न पाहता थकलेल्या वाटसरूला काय लागेल एवढेच तिने पाहिले.

अशा जेवणाचा अनुभव आजही मिळतो. आपल्यापैकी बरेच जण पावसाळ्यात दाभोसा धबधब्याकडे सहलीला जातात. जव्हार हे तसे लहानसे तालुक्याचे गाव. तिथल्या एका साध्या खानावळीत मी अधूनमधून जेवतो. पाच-सहा बाके, भिंतीवर कॅलेंडर, आणि मेनूकार्ड नाहीच. ‘मावशी, आज काय?’ म्हणून विचारायचे आणि जे असेल ते खायचे. जूनमध्ये समुद्र बंद, म्हणून ताजी मासळी नाही, सुकट मिळते. उडदाची आमटी, नागलीची किंवा तांदळाची भाकरी, आणि पहिल्या पावसाने उगवलेली शेवळं. शेवळं म्हणजे काय ते आपल्या वसईच्या बायकांना सांगायला नको. निवडताना आतला पिवळा भाग काढावा लागतो आणि शिजवताना काकडं घालावी लागतात, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणूनच आदिवासी बाया बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही देतात. दोन-तीन आठवडे ही भाजी मिळते, मग टाकळा, कुर्डू, पुढे कंटोळी. जे रानाने दिले ते ताटात येते. (हायवेवरच्या हॉटेलांत बाराही महिने तेच पनीर आणि तीच लाल ग्रेव्ही. पोट भरते, पण आपण कोणत्या गावात आहोत ते कळत नाही.)

पण त्या खानावळीत भाकरीच्याही आधी समोर येतो तो पाण्याचा तांब्या. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पेलाभर थंड पाण्याविषयी बोलतो. जो कोणी या लहानांतील एकाला तेवढे पाणी देईल, त्याचे प्रतिफळ बुडणार नाही असे तो सांगतो. नळाखाली पेला धरणाऱ्या आपल्याला हे दान फार स्वस्त वाटते. जव्हार-मोखाड्यात तसे वाटणार नाही. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. एप्रिल-मेमध्ये कितीतरी पाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते, बायका डोक्यावर हंडे घेऊन दूरदूर चालतात. अशा ठिकाणी अनोळखी माणसापुढे न मागता ठेवलेला तांब्या किती मोलाचा, याचा विचार करा. प्रभू येशूचा देशही कोरडाच होता. त्याचे श्रोते हे समजत होते.

कोणी म्हणेल, ‘फादर, खानावळीत तर पैसे मोजावे लागतात, मग ते आतिथ्य कसले?’ प्रश्न रास्त आहे. पण प्रभू येशूच्या दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातही एक उतारशाळेवाला आहे. त्याला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आगाऊ मिळते आणि जखमी माणूस त्याच्या हवाली केला जातो. पैसे घेतो म्हणून प्रभू त्याला नावे ठेवत नाही. उलट त्या मरणासन्न माणसाचे पुढे काय होणार, हे त्याच्यावरच अवलंबून आहे. पैसे भाकरीचे झाले. ‘आणखी वाढू का?’ हे ज्या आवाजात विचारले जाते त्याचे पैसे बिलात नसतात.

सेमिनरीत आम्ही कांट हा जर्मन तत्त्वज्ञ अभ्यासला होता. १७९५ साली त्याने शाश्वत शांतीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. परक्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये हा त्याचा हक्क आहे, असे कांट म्हणतो. मात्र पाहुणा म्हणून घरात घेतले जाण्याचा हक्क त्याला नाही. राष्ट्रांच्या सीमेवर एवढे पाळले गेले तरी आज पुष्कळ झाले म्हणायचे. परंतु शूनेमच्या बाईने असा हिशेब केलाच नाही. आणि आपला धर्मग्राम? कांटच्या नियमात आपण अगदी चोख बसतो. आपल्या चर्चमधून कोणी कोणाला हाकलत नाही.

मागच्या महिन्यात स्टेशनजवळच्या नव्या इमारतींत घरभेटीला गेलो होतो. नोकरीसाठी इथे येऊन राहिलेले एक कुटुंब भेटले. नवरा, बायको आणि लहान मुलगी. सात महिने दर रविवारी आठच्या मिस्सेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात. तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता ती बाई म्हणाली, ‘फादर, अजून कोणी नाव नाही विचारलं.’ सात महिने! आपण एकाच वेदीवरून परमप्रसाद घेतो, ‘ख्रिस्ताची शांती’ म्हणून मान डोलावतो, आणि दारातून बाहेर पडताच आपापल्या आळीच्या घोळक्यात शिरतो.

त्या खानावळीत गर्दी झाली की मावशी ताटे वाढता वाढताच ओरडते, ‘सरका जरा, जागा करा!’ मग एसटीचा कंडक्टर, शाळेतले गुरुजी, ट्रकवाला, बाजाराला आलेला म्हातारा, सगळे एका बाकावर येतात. कोणी रागावत नाही. आपल्या चर्चमध्ये मात्र बाकाचे टोक धरून बसणाऱ्यांची कमी नाही. आत जागा असते, पण टोक सुटत नाही. उशिरा आलेल्याने आमचे गुडघे ओलांडून जावे. ‘आमच्या आजोबांपासून आम्ही इथेच बसतो’ हेही मी ऐकले आहे. आजोबांबद्दल मला आदर आहे. पण बाक त्यांनी चर्चला दिला असेल, तर तो आता चर्चचा आहे.

पुढच्या रविवारच्या शुभवर्तमानात प्रभू कष्टी आणि भाराक्रांत लोकांना आपल्याकडे बोलावतो. त्या दिवशी आठच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा ठेवला आहे. स्टेशनकडच्या इमारतींतील सर्व कुटुंबांना मी स्वतः निमंत्रण दिले आहे. प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने घरात जे असेल ते आणावे. केटररला सांगू नये. आणि कृपया आळी-आळीने बसू नका.

प्रभूठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू