अमुकाच्या अभावी तमुक

दसरा होऊन गेला, तरी माझ्या टेबलाच्या खणात मूठभर सोने अजून पडून आहे. आमच्या इंदूरला मराठी घरांतून आपट्याची पाने वाटतात, शेजारची माळवी मंडळी शमीची देतात, आणि शाळेत दोन्ही येतात. यंदा सहज निरखून पाहिले, तर आपट्याची म्हणून आलेली बहुतेक पाने कांचनाची निघाली. तसेच मधोमध दुभंगलेले पान, फक्त आकाराने मोठे. सोन्याच्या अभावी आपटा आणि आपट्याच्या अभावी कांचन! मला त्यात वावगे काही वाटले नाही. हे सोने नव्हे, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. पूजेत वस्त्र नसले तर आपण चार अक्षता वाहतो. पण 'वस्त्रार्थे अक्षतान्' असे मोठ्याने म्हणून वाहतो. देवाला अंधारात ठेवीत नाही.

माणसाला मात्र ठेवतो की काय, अशी शंका मला पंधरा वर्षांपूर्वी आली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा अठ्ठेचाळीसची होती. दर महिन्याला अंगावर इतके जाई की जिना चढताना तिला मध्येच बसावे लागे. शस्त्रक्रियेची तिला धास्ती होती. कोणी तरी अशोकारिष्ट सुचवले. अशोकाच्या सालीचा काढा, त्यात गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेला. बायकांच्या या दुखण्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेले औषध. दीड वर्ष तिने ते नेमाने घेतले. गुण आला नाही. शेवटी शस्त्रक्रिया झालीच, आणि तोवर रक्त इतके कमी झाले होते की आधी बाटल्या चढवाव्या लागल्या.

त्याच वर्षी शाळेत वृक्षांवर पाट्या लावण्याचा उपक्रम होता. फाटकाशी उभ्या असलेल्या उंच, सरळ झाडांवर मी 'अशोक' लिहायला सांगितले. आमच्या जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "सर, हा खोटा अशोक. आसोपालव. रामायणातला तो सीतेचा अशोक निराळा." मग त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. खऱ्या अशोकाला केशरी-लाल फुलांचे गेंद येतात. आमच्या फाटकावरच्याला हिरवट, चांदणीसारखी फुले, ती पानांत दिसतही नाहीत. दोघांचे कूळही वेगळे. आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "औषधाच्या बाजारात याचीच साल त्याच्या नावाने पुष्कळ जाते."

मी जडीबुटीच्या एका दुकानात गेलो. अशोकाची साल मागितली. दुकानदाराने मानही वर न करता विचारले, "मास्टरसाब, असली चाहिए या चालू?" भावात कितीतरी पट फरक होता. त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याने निदान विचारले तरी. अक्काच्या बाटलीवर मात्र नुसते 'अशोक' छापलेले होते.

आमच्या गल्लीत एक वृद्ध वैद्यबुवा होते. त्यांच्यापुढे मी तावातावाने ही कैफियत मांडली. ते म्हणाले, "हेडमास्तर, बदली द्रव्य घालणे हे पाप नव्हे. शास्त्रच सांगते." सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशात याचे प्रकरणच आहे. अतिविष न मिळाल्यास नागरमोथा घ्यावा, मध न मिळाल्यास जुना गूळ. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गाच्या आठ वनस्पती राजांनाही दुर्लभ, असे तो त्या काळीच नोंदवतो, आणि मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद सुचवतो. त्यातली अश्वगंधा तर आमच्या नीमच-मंदसौरकडे शेतात पिकते. म्हणजे टंचाई आजची नाही, आणि तिच्यापुढे हात टेकणेही आजचे नाही.

"पण पुढचे वाचत नाहीत लोक," वैद्यबुवा म्हणाले. पुढचे असे, की कल्पात जे द्रव्य गौण असेल त्यालाच प्रतिनिधी चालतो. जे प्रधान असेल त्याच्या जागी त्याच्यासारखे दुसरे घ्यायचे नाही. अशोकारिष्टात अशोक प्रधान. गूळ कमी-जास्त करा; अशोक काढलात तर ते अशोकारिष्टच नव्हे.

हा नियम ऐकून मला, खरे सांगायचे तर, माझेच हजेरीपुस्तक आठवले. गणिताचे मास्तर दोन महिने रजेवर असताना कवायतीच्या सरांना मी त्या वर्गावर बसवीत होतो, आणि तासाच्या रकान्यात 'गणित' असेच लिहून खाली सही करीत होतो. असो.

घोटाळा दर वेळी लबाडीचाच असतो असेही नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. ब्राह्मी म्हणाल तर कोणी जलब्राह्मी देईल, कोणी मंडूकपर्णी. बेळगावकडे कानडी माणूस जिला ओंदेलग म्हणतो तीही ब्राह्मीच. शंखपुष्पी म्हणून केरळात गोकर्ण घेतात. रास्ना उत्तरेत एक, बंगालात दुसरी, दक्षिणेत तिसरीच. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींची भुकटी दिली गेली. हवी होती एक 'फांग-ची', आली नावाने तिची बहीण असलेली दुसरी. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे त्यात बिघडली; 1993 साली ते प्रसिद्ध झाले. तिथे निदान अपाय दिसला म्हणून शोध झाला. आमच्या आसोपालवाने कोणाचे मूत्रपिंड जात नसेल. फक्त दीड वर्ष जाते.

मग मी म्हटले, खरीच साल वापरण्याची सक्ती करा. वैद्यबुवा हसले. "करा. आणि सह्याद्रीतले उरलेसुरले अशोक सोलून काढा." सीतेचा अशोक आज जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. साल बुंध्याची लागते. सभोवार सोलली की झाड वाळते. दशमुळातल्या बेल, शिवण, टेटू, पाडळ यांची तर मुळेच हवीत; शास्त्र काटेकोर पाळायचे तर झाड उपटावे लागते. तिथे मुळाऐवजी खोडाची साल घेणारा शास्त्र मोडतो की झाड वाचवतो? याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. एवढेच वाटते की घेणाऱ्याने ते बाटलीवर लिहावे: मुळाऐवजी साल घातली आहे. मग ज्याला घ्यायचे तो घेईल.

"तुम्ही काय करता?" मी वैद्यबुवांना विचारले.

"मी अशोकारिष्ट करणे सोडले," ते म्हणाले. "खात्रीची साल मिळेना. बायका आल्या की सांगतो, माझ्याजवळ नाही, मोठ्या दवाखान्यात जा." त्यांच्या दवाखान्यात तेव्हा गर्दी बेताचीच असे, ती का, हे मला त्या दिवशी उमगले. पुढे चार वर्षांनी ते गेले.

अक्काच्या बाटलीत काय होते हे आता कळायचे नाही. कदाचित खरी सालही असेल; खऱ्या सालीनेही गुण आला असता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आंबवून, गाळून झालेल्या त्या गोड, काळसर औषधाकडे पाहून कोणालाच काही सांगता आले नसते.

परवा दसऱ्याला सोने द्यायला तिच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता विषय निघाला आणि ती म्हणाली, "इतकं नेमानं घेतलं रे, एक चमचा चुकवला नाही. मग मलाच का नाही गुण आला? माझंच काही पथ्य चुकलं असेल."

दुकानापासून भावप्रकाशापर्यंत सगळे माझ्या ओठांवर होते. "वयच तसं होतं अक्का," एवढेच मी म्हणालो.