चमकी लावलेली बाटली

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला आणि सुट्टीतल्या शिबिरांत हमखास असतो. शीतपेयाची बाटली कापायची, तिला ॲक्रिलिक रंग द्यायचा, ग्लू गनने मणी-टिकल्या चिकटवायच्या, वरून चमकी भुरभुरायची, की पेनस्टँड तयार. प्रदर्शन झाले की तो काही दिवस टेबलावर राहतो आणि मग कचऱ्यात जातो. तो टाकला जातो याला माझी हरकत नाही. कोणत्या अवस्थेत टाकला जातो, याला आहे. रिकामी, स्वच्छ पेट बाटली हा भंगारात भाव असलेला माल आहे; तिच्यापासून पॉलिएस्टरचा धागा निघतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार कचरा गोळा करतात, निवडतात, आणि सुका माल विकून येणारा पैसा हा त्यांच्या मिळकतीचा भाग असतो. रंग, गोंद आणि चमकी चढलेली बाटली भंगारवाला घेत नाही. म्हणजे विकली जाणारी वस्तू आपण मुलाच्या हातून खराखुरा कचरा करून घेतली, आणि त्यासाठी दुकानातून नवे प्लास्टिकही आणले. चमकी स्वतः बहुधा प्लास्टिकचीच असते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले ते याच कारणाने.

मुलांसोबत केलेल्या वस्तूला दोन प्रश्न विचारावेत: ती काही काम करते का, आणि काम संपल्यावर पुन्हा सुटी होते का? आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अरविंद गुप्ता १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून सांगाडे उभे केले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे मुलाला बोटांनीच कळते. पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशी असंख्य खेळणी तयार झाली. त्यांतली मोटर पाहा. टॉर्चच्या सेलच्या दोन टोकांना रबरी पट्टीने दोन सेफ्टी पिना बसवायच्या, सेलवर चुंबक ठेवायचे आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे पिनांच्या भोकांत अडकवायचे. तारेच्या एका टोकाचे इनॅमल चोहोबाजूंनी खरवडायचे, दुसऱ्या टोकाचे मात्र एका बाजूला तसेच ठेवायचे. तेही खरवडले गेले, तर वेटोळे नुसते थरथरून थांबते. नीट जमले की फिरत राहते, कारण दर फेऱ्यात वीज क्षणभर तुटते. खेळून झाल्यावर तार, पिना, सेल, चुंबक सगळे पुन्हा वेगळे होते.

यावर कोणी म्हणेल, मुलाला रंगांचा आनंद हवा, प्रत्येक वस्तूतून विज्ञानच का शिकवायचे? आनंद हवाच. पण तो पुठ्ठा, वर्तमानपत्र, शेंगांची टरफले, हळदीचे पाणी आणि कणकेची खळ यांतूनही मिळतो, आणि हे सारे शेवटी मातीत जाते. आपल्या घरांतही फाटक्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडी विरली की पायपुसणे, शेवटी पोतेरे; त्यात सुई-दोऱ्यापलीकडे बाजारातले काही नव्हते. ती टंचाईची सवय होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक कापड किती वेळा कामी येते हे त्या घरातल्या पोराला माहीत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलांनी चार बाटल्या वापरल्याने कचऱ्याचा डोंगर कमी होत नाही, आणि पॅकिंगची जबाबदारी उत्पादकांची आहे. हे पूर्ण खरे आहे, २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांतही उत्पादकांवर तशी जबाबदारी आहे. पण म्हणूनच तर मी एवढा आग्रह धरतो. या उपक्रमाने कचरा घटणारच नसेल, तर त्यातून मूल काय शिकते एवढीच त्याची किंमत उरते. तेच चुकीचे असेल, तर हातात काहीच उरत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे, की पुढच्या प्रदर्शनात ग्लू गन आणि चमकी बंद ठेवा. परीक्षक म्हणून आपल्या भागातल्या कचरावेचक ताईंना बोलवा, मानधन द्या, आणि यांतली कोणती वस्तू तुम्ही घ्याल व कोणती नाही, हे मुलांसमोर त्यांनाच विचारा.