साह्याची मर्यादा

ज्याला एखादे कार्य स्वतः करता येते, त्याला ते शिकविणे व्यर्थ होय. आणि साह्य मिळूनही ज्याला ते साधत नाही, त्याला त्या वेळी ते शिकविणेही व्यर्थच होय. या दोहोंच्या मध्ये एक क्षेत्र आहे. तेथे शिष्य एकटा अडखळतो, परंतु जाणत्याचा हात लाभताच पुढे जातो. खरे शिक्षण याच क्षेत्रात घडते. मग हा हात किती आणि कोठवर द्यावा? साह्य करणे हे सर्वदा सत्कर्मच आहे काय?

रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६-१९३४) याने या क्षेत्राचा शास्त्रीय विचार केला. त्याने दिलेले उदाहरण मननीय आहे. दोन मुले एकट्याने आठ वर्षांच्या मुलाच्या योग्यतेचे प्रश्न सोडवितात. म्हणून परीक्षक दोघांना समान ठरवितो. परंतु थोडी सूचना मिळताच त्यांतील एक बारा वर्षांच्या योग्यतेपर्यंत जातो, तर दुसरा नऊपर्यंतच. तात्पर्य, शिकणाऱ्याचा अधिकार त्याला आज काय येते एवढ्यावरून ठरत नाही. साह्याने तो कोठवर जाऊ शकतो हेही पाहावे लागते.

पुढे १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस यांनी तीन, चार व पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडाचे २१ ठोकळे जुळवून पिरॅमिड रचण्यास दिले. मुलाला जेवढे स्वतः करता येईल तेवढे करू द्यावे, अडल्यास आधी शब्दाने सुचवावे आणि तेही न पुरल्यास हाताने दाखवावे, असा शिकविणारीचा नियम होता. तीन वर्षांच्या मुलांचे मन कार्याकडे वळवावे लागे. चार वर्षांच्यांना शब्दाची सूचना उपयोगी पडे. पाच वर्षांच्यांना बहुधा आपले बरोबर आहे ना, एवढीच खात्री हवी असे. अशा साह्याला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी. भिंत पुरी झाल्यावर तीच अडथळा होते.

हे तत्त्व आपल्या पंथाला अपरिचित नाही. केशिराजबासांच्या दृष्टान्तपाठात आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक असा क्रम आहे. सूत्र श्रोत्याच्या आवाक्याच्या किंचित वर असते. दृष्टान्त नित्याच्या व्यवहारातून उचललेला, म्हणून हाताशी असतो. दार्ष्टान्तिक त्या हाताला धरून सूत्रापर्यंत नेते. अर्थ उमगल्यावर श्रोत्याने सूत्र धारण करावयाचे असते. जो केवळ कथाच स्मरतो, तो परांचीवरच वस्तीला राहिला. केशिराजबासांनी संस्कृतात लिहू नये, त्यामुळे म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असे भटोबासांनी बजावले, त्यातही हेच मर्म आहे. आधार पंडिताच्या उंचीवर नव्हे, शिकणाऱ्याच्या हाताला लागेल असा असावा.

परंतु आधार देण्याहून काढून घेणे कठीण आहे. सकळ लिपीतील पोथी वाचावयास शिकणारा एखादा नवा साधक घ्यावा. एका अक्षरास्थानी दुसरे अक्षर पाहून तो गोंधळतो. प्रथम गुरूने सोबत वाचावे. मग अडलेले अक्षरच सांगावे. मग मौन धरून केवळ ऐकावे. पण येथेच मोह उभा राहतो. शिष्य विचारीत राहतो, त्यात गुरूला आपले महत्त्व भासते. तो तत्काळ उत्तर देतो, आणि तीच दया समजतो. वर्षे लोटतात, गुरूचे देहावसान होते, आणि शिष्याच्या हाती न वाचता येणारी पोथी उरते. ही हानी एका शिष्याची नसून परंपरेची आहे. उलट, दुसरा गुरू पहिल्याच दिवशी पोथी हाती देऊन निघून जातो आणि आपल्या आळसाला शिस्त म्हणतो. पहिला परांची काढीत नाही, दुसरा ती बांधीतच नाही. दोघेही आपल्यालाच पाहतात, शिष्याला नव्हे.

कोणी म्हणेल, साधकाला तर सदैव आश्रय हवा. मग आधार काढण्याची भाषा कशी शोभेल? येथे विवेक हवा. जीवाला परमेश्वराचा आश्रय सदा हवा, हे निर्विवाद आहे. परंतु मनुष्याने दिलेले शिकवणुकीचे साह्य म्हणजे तो आश्रय नव्हे. आपल्या साह्याला ते स्थान देणारा गुरू शिष्याला मार्गावर न नेता आपल्यापाशीच थांबवितो. आधार काढल्याने गुरूविषयीचा आदर उणा होत नाही. उलट स्वतः वाचू लागलेला शिष्यच त्या उपकाराचे मोल जाणतो.

म्हणून साह्याची परीक्षा साह्य चालू असताना होत नाही. ते थांबल्यावर होते. शिकविणाऱ्याने प्रतिदिनी स्वतःला एवढेच विचारावे: काल जे मला सांगावे लागले, ते आज याला स्वतः करू दिले काय?