खाणीचे ऋण

कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून आम्ही रेडीला गेलो. समुद्रकाठच्या या गावी लोखंडाच्या खाणीत १९७६ साली द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली. देव गावात राहिला. खनिज मात्र बंदरातून जहाजे भरभरून परदेशी गेले. दर्शन घेऊन आम्ही परतलो. खाणीकडे वळून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

घरी मुलाने दिवाळीचा किल्ला रचला. मावळे मांडण्यापूर्वी तो खोरे घेऊन उठला. म्हणाला, “बाबा, माती काढली तो खड्डा आधी बुजवू. अंधारात आजी पडेल.”

मी चपापलो. जे मिळाले त्याला आपण हात जोडतो. जेथून घेतले तिकडे पाठ फिरवतो. जमिनीचे तसे, आईबापांचेही तसेच. ऋण फिटते ते हात जोडून, की खड्डा बुजवून?

मी दुसरे खोरे उचलले.