अंतर कोण ठरवतं?

माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी १८४५ पूर्वी होडीने ओलांडावी लागे, पावसाळ्यात तर जीव मुठीत धरून. मग लेडी जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि कॉजवे उभा राहिला. देताना अट घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून सरकारने टोल घ्यायचा नाही. माहीमच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. मला मात्र रकमेपेक्षा ती अट मोठी वाटते. वाट बांधून भागत नाही, ती सगळ्यांना खुली राहावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. दोन गावांमधलं अंतर आपण किलोमीटरमध्ये नाहीतर विमानाच्या तासांमध्ये सांगतो. खरं तर ते ठरतं वाट खुली ठेवण्याच्या निर्णयावर.

मुंबई आणि कराचीचंच पाहा. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम ९०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपासून दिल्ली कराचीपेक्षा लांब. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून सकाळी कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, ते विमानात ओतले, आणि दुपारी ते जुहूला उतरले. आजच्या जेटला दीड तास पुरेल. पण थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं तर सुमारे ३,१०० किलोमीटर, वर मधला मुक्काम, आणि त्याआधी व्हिसा, जो मिळणं जवळपास अशक्य. विमानं वेगवान झाली, तरी बैलगाडीच्या मदतीने झालेला तो प्रवास आजच्यापेक्षा जवळचा होता.

यावर कुणी म्हणेल, २६ नोव्हेंबर २००८चा दहशतवादी हल्ला मुंबईने भोगला, आणि मारेकरी कराचीहूनच आले होते. मग वाट बंद ठेवण्यात चूक काय? हा आक्षेप गंभीर आहे, तो झटकून टाकता येणार नाही. पण ते आले समुद्रातून, मासेमारीची बोट बळकावून, कुठल्याही तपासणीशिवाय. ज्या वाटेवर नाव, पासपोर्ट, सामान सगळं तपासलं जातं, ती बंद केल्याने चोरवाट बंद होत नाही. राजकीय निषेध म्हणून विमानसेवा बंद ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे, हे मान्य. मात्र त्याला निषेध म्हणावं, बंदोबस्त म्हणू नये, आणि त्याची किंमत कोण मोजतो तेही पाहावं.

ती मोजतो पालघरचा खलाशी. डहाणू-तलासरीची माणसं गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात कुंपण नसतं. मासळीमागे बोट सरकते, पकडली जाते आणि माणूस कराचीच्या मालीर तुरुंगात पोहोचतो. सुटल्यावर ज्या समुद्रातून तो गेला, त्यातून त्याला परत येता येत नाही. कराचीहून लाहोर, तिथून वाघा, सीमा पायी ओलांडून अमृतसर, मग रेल्वेने गुजरात आणि शेवटी डहाणू. घर त्याच किनाऱ्यावर, काहीशे किलोमीटर दक्षिणेला; आणि त्याला आधी हजारभर किलोमीटर उत्तरेकडे नेलं जातं.