हलकेपणा, वेग आणि सुख

वजनाने हलक्या स्पोर्ट्स कारची चर्चा निघाली की शर्यतीच्या ट्रॅकवरची कामगिरी मोठी मानायची की रोजच्या वापरातला आराम, हा वाद हमखास उपस्थित होतो. वरवर पाहता हा यंत्रशास्त्राचा वाद वाटला, तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे: सुख म्हणजे त्रासाचा अभाव, की एखादी गोष्ट उत्तम रीतीने करत असताना त्या करण्यातच लाभणारे समाधान? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या आणि दहाव्या भागांत दुसऱ्या बाजूने कौल दिला आहे. सुख ही कृती संपल्यावर पदरात पडणारी वेगळी वस्तू नसून, कृती निर्वेधपणे चालली असता तिला येणारी पूर्णता म्हणजेच सुख, अशी त्याची भूमिका आहे. ती मान्य केली, तर कामगिरी एका पारड्यात आणि आराम दुसऱ्या पारड्यात घालून तोलण्याची रूढ रीतच तपासून घ्यावी लागते.

या तपासणीसाठी इंग्लंडमधील लोटस कंपनीची 1996 साली बाजारात आलेली ‘एलिस’ ही मोटार सर्वांत सोयीची आहे. कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन 1982 मध्येच वारले होते, पण ताकद वाढवण्याआधी वजन उतरवावे हा त्यांचा आग्रह या मोटारीत पुरेपूर उतरला. ॲल्युमिनियमचे साच्यातून दाबून काढलेले लांब भाग एकमेकांना गोंदाने चिकटवून तिची चासी, म्हणजे मोटारीचा मूळ सांगाडा, तयार केली होती. ही चासी अवघी 68 किलोची होती आणि संपूर्ण मोटार सव्वासातशे किलोंच्या आसपास भरत असे. त्यामुळे 1.8 लिटरचे, सुमारे 118 अश्वशक्तीचे साधे रोव्हर इंजिनही तिला पुरून उरे. याची किंमतही होती. चासीचे कडेचे भाग उंच आणि रुंद असल्यामुळे आत शिरणाऱ्याला आधी तो रुंद काठ ओलांडून पाय आत घ्यावा लागे, मग अंग मुडपून जवळजवळ जमिनीलगत असलेल्या आसनावर टेकावे लागे. पायाखाली उघडे ॲल्युमिनियम असे, आणि सुकाणू हाताच्या बळावरच फिरवावे लागे, कारण पॉवर स्टिअरिंग नव्हते.

इतके वाचून ही मोटार म्हणजे शरीराला शिक्षा, असा ग्रह होण्याचा संभव आहे; परंतु यंत्रशास्त्र वेगळे सांगते. खड्ड्यावरून गेल्यावर मोटारीचे अंग स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा खालीवर होते, यावर प्रवास मऊ वाटतो की हादरवणारा, हे पुष्कळसे ठरते; आणि ही गती स्प्रिंगचा ताठपणा व तिच्यावरचे वजन यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. वजन निम्मे असेल तर निम्म्या ताठपणाची स्प्रिंगसुद्धा तोच मऊपणा देते आणि वळणावर मोटारीला तितकेच सावरून धरते. जड मोटारीला वेगात आवरण्यासाठी ताठ स्प्रिंग, रुंद टायर, मोठे ब्रेक, त्यांच्यासाठी आणखी मोठे इंजिन, असे वजनाचे चक्र सुरू होते; हलकी मोटार त्या चक्रात शिरतच नाही. म्हणूनच पहिली एलिस ओबडधोबड रस्त्यावरही अनेक जड स्पोर्ट्स कारपेक्षा सौम्यपणे चाले. हलकेपणाची दुसरी बाजूही येथे नोंदवली पाहिजे. चाके, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगच्या खालचे भाग एकूण वजनाच्या प्रमाणात जड ठरतात आणि त्यांचे धक्के अंगाला अधिक जाणवतात; शिवाय दोन माणसे बसली की अशा मोटारीचे वजन एकदम पाचव्या हिश्श्याने वाढते, आणि एका माणसासाठी जुळवलेले सस्पेन्शन दोघांना तसे मानवत नाही. तरीही सारांशाने पाहता हलकेपणा हा कामगिरी आणि आराम या दोहोंचा समान पाया आहे, आणि वादाच्या रूढ मांडणीत नेमकी हीच गोष्ट सुटते.

खरा विरोध सुरू होतो तो लॅपच्या वेळेपासून, म्हणजे ट्रॅकची एक फेरी किती सेकंदांत पुरी होते या मापापासून. ट्रॅकचा डांबरी पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तेथे स्प्रिंग ताठ केली, मोटार जमिनीलगत आणली आणि पावसाळी रस्त्याची फिकीर न करणारे टायर बसवले, तर सेकंद वाचतात. तीच मोटार गावच्या रस्त्यावर आली की चाके उसळून क्षणभर जमीन सोडतात, आणि जमीन सोडलेले चाक ना वळू शकते ना थांबवू शकते. म्हणजे तेथे आरामाबरोबर कामगिरीही गेली. फ्रान्समधील आल्पीन कंपनीची 2017 सालची ‘ए110’ ही मोटार याची उलट साक्ष देते: वजन सुमारे 1,100 किलोंवर रोखल्यामुळे कंपनीला तिच्यात मुद्दाम मऊ स्प्रिंग वापरता आल्या. दोन वर्षांनी त्याच मोटारीची ताठ स्प्रिंगांची वेगळी आवृत्ती कंपनीने काढली. एकाच अंगाला दोन प्रकारचे ताण देता येतात. कोणता योग्य, हे मोटार कशासाठी आहे यावरून ठरते.

ताणाचा हा विचार बौद्ध परंपरेत फार स्पष्टपणे आला आहे. सोण नावाचा भिक्षू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करत होता आणि निराश झाला होता; तो पूर्वी वीणा वाजवत असे हे जाणून बुद्धांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का. या प्रसंगाचा अर्थ पुष्कळदा ‘दोन टोकांच्या बरोबर मध्ये राहावे’ असा सांगितला जातो, पण तो अपुरा आहे. तारेचा योग्य ताण स्वरावरून ठरतो, टोकांपासूनच्या अंतरावरून नव्हे. निम्मा ट्रॅक आणि निम्मे घर अशी तडजोड केलेली मोटार म्हणूनच बहुधा कोणत्याच स्वरात लागत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील तपाचे विवेचनही येथे उपयोगी पडते. मान आणि प्रतिष्ठा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप तेथे राजस मानले आहे, तर स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस ठरवले आहे. गैरसोय अंगावर मिरवणारा चालक पहिल्या प्रकारात मोडतो. कानठळ्या बसवणारा एक्झॉस्ट आणि पाठ मोडणारे आसन त्याच्या चालवण्यात काहीच भर घालत नाहीत, त्यांनी फक्त त्याची ओळख ठरते. अधिक गंभीर गोष्ट अशी की हे कष्ट कित्येकदा दुसराच सोसतो. शेजारी बसलेल्या सोबत्याने हे व्रत घेतलेले नसते. खुद्द चॅपमन यांच्या हलकेपणाची झळही इतरांनाच लागली: लोटसच्या शर्यतीच्या मोटारी फार नाजूक असल्याची तक्रार योखेन रिंट या त्यांच्याच चालकाने केली होती, आणि 1970 साली मोन्झा येथे सरावाच्या वेळी लोटस चालवतानाच त्याचा मृत्यू झाला. ज्याचा भार दुसऱ्याच्या देहावर पडतो त्या कठोरतेला वैराग्य म्हणता येणार नाही.

तेव्हा आरामाचेही दोन प्रकार करावे लागतात. कंबरेला नीट आधार देणारे आसन, काच धुक्याने भरू न देणारा हीटर, ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, या सोयी चालकाचे अवधान टिकवतात, म्हणून त्यांचे वजन मोटारीने आनंदाने उचलावे. उलट रस्त्याची खबर हातापर्यंत पोहोचू न देणारे अतिसैल सुकाणू आणि वेगाची जाणीवच बुजवणारे जाड आवरण अवधान मारतात. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यांना जागा नाही. हाच निकष ताठ स्प्रिंगलाही लागू आहे. रस्त्यावर चालवायच्या मोटारीचे सस्पेन्शन रस्त्यालाच धरून जुळवले पाहिजे, आणि ट्रॅकवरचे शेवटचे दोन सेकंद ज्याला हवेतच, त्याने त्यासाठी वेगळी मोटार ठेवावी आणि ती ट्रॅकवरच चालवावी.