आपले मूल, परक्याचे मूल

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते. सासू ती सुनेला ऐकवते, शेजारीण शेजारणीला ऐकवते, आणि ऐकणारीला तिचा फारसा राग येत नाही. कारण या म्हणीत दाखविलेला दोष हा आईपणाचाच एक भाग आहे, असे आपण सारे मनातून मानतो. आपल्या मुलावर अधिक माया असावी यात पाप कसले? जिला सगळ्या जगाची मुले अगदी सारखी, अशा आईच्या पोटी जन्माला आलेल्या मुलाची मला तर कीवच येईल.

पण हीच निरुपद्रवी म्हण शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली म्हणजे तिचे रूप पालटते. मी शाळामास्तर आहे. दर जून महिन्यात आईबाप येतात आणि विचारतात, ‘शाळा कशी आहे?’ मग जरा इकडेतिकडे पाहून, आवाज उतरवून विचारतात, ‘मुले कुठली येतात हो इथे?’ पहिला प्रश्न शाळेबद्दलचा असतो. दुसरा दुसऱ्यांच्या मुलांबद्दलचा. हा दुसरा प्रश्न एका मोठ्या देशाने कुजबुजत न विचारता उघड विचारला, त्यावर कज्जे लढविले, सैन्य आणले, आणि अजूनही त्याचे उत्तर त्याला पुरते सापडलेले नाही. तो देश अमेरिका. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला हा विषय थोडा जड आहे खरा. पण घरात मुले आहेत अशा कोणालाही तो परका वाटणार नाही.

१८९६ साली लुइझियानातील आगगाडीच्या डब्यावरून एक खटला झाला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व उचलून धरले. गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा. दोन्ही सारखे असले की झाले. डब्यांमागोमाग शाळाही याच न्यायाने वेगळ्या राहिल्या. पुढे कॅन्सस राज्यातील टोपेका गावात ऑलिव्हर ब्राऊन नावाच्या गृहस्थांनी आपल्या लिंडा नावाच्या मुलीसाठी दाद मागितली. घरापासून सात गल्ल्यांवर समनर शाळा होती. पण ती गोऱ्यांची. लिंडाला रेल्वेच्या यार्डातून वाट काढीत जाऊन बस धरावी लागे आणि मन्रो शाळा गाठावी लागे. मौज अशी की, मन्रो शाळा काही वाईट नव्हती. तिथले शिक्षक चांगले होते, असे ब्राऊन कुटुंबही म्हणत असे. तक्रार विटांची किंवा बाकांची नव्हतीच. ‘तू इथली नव्हेस’ हे वाक्य रोज सकाळी एका पोरीला चालत जाऊन ऐकावे लागत होते, ही तक्रार होती. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, वेगळे ठेवणे हीच असमानता आहे.

निकाल लागला, पण मन काही निकालाने बदलत नाही. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्स शहरात रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत शिरली. बाहेर जमाव ओरडत होता. आत गोरे आईबाप आपापल्या मुलांना वर्गातून बाहेर काढून घरी नेत होते. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी तिला शिकविण्याचे पत्करले, आणि सबंध वर्षभर त्या वर्गात शिक्षिका एक आणि विद्यार्थिनी एक, एवढाच पट होता. ज्याने कधी वर्ग घेतला आहे त्याने क्षणभर डोळे मिटून तो वर्ग पाहावा. भोवती सगळी रिकामी बाके.

शिव्या देणाऱ्या त्या जमावाचा निवाडा करणे सोपे आहे, आणि म्हणूनच त्यात फारसे शिकण्यासारखे नाही. अवघड प्रश्न आहे तो शिव्या न देता, मुलाचा हात धरून मुकाट्याने घरी गेलेल्या आईबापांचा. त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, ‘आमचा कोणावर राग नाही. आमचे मूल कुठे शिकावे हे आम्ही ठरवायचे नाही तर कोणी?’

हे ‘आम्ही ठरवायचे’ प्रकरण पुढे मोठे झाले. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने १९५९ साली सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीला काही काळ सरकारी तिजोरीतून हातभारही मिळाला. बहुतेक काळी मुले चार वर्षे शाळेवाचून राहिली. १९६४ साली न्यायालयाच्या आदेशाने दारे पुन्हा उघडली. त्याच राज्यातील न्यू केंट परगण्याने सभ्य मार्ग काढला. तिथे शाळा दोनच, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. १९६५ साली परगण्याने जाहीर केले की, आता कोणावर सक्ती नाही. ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी. पहिल्या वर्षी ३५ काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली, दुसऱ्या वर्षी १११, तिसऱ्या वर्षी ११५. आणि तीन वर्षांत किती गोऱ्या मुलांनी काळ्यांची शाळा निवडली? एकानेही नाही. १९६८ साली न्यायालयाने ही योजना अपुरी ठरविली. दार दोन्ही बाजूंनी उघडे होते. पण ते ओलांडण्याचे ओझे मात्र एकाच बाजूच्या लेकरांच्या डोक्यावर होते.

याहूनही मनाला टोचणारी हकीकत उत्तरेतली आहे. ती न्यूयॉर्क टाइम्सने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या, चाना जॉफी-वॉल्ट या बाईंच्या एका ध्वनिमालिकेत आली. १९६० नंतरच्या त्या काळात ब्रुकलिनमध्ये एक नवी शाळा व्हायची होती. पुष्कळ गोऱ्या आईबापांनी शिक्षण मंडळाला पत्रे लिहिली की, शाळा गोऱ्या वस्तीजवळ बांधा, म्हणजे सर्व वर्णांची मुले एकत्र शिकतील. पत्रांतली भाषा मोठी उदात्त होती. मंडळाने ऐकले. १९६८ साली शाळा उघडली, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची मुले जवळजवळ तिथे गेलीच नाहीत. पुढे २०१५ साली त्याच शाळेत गोरी कुटुंबे आली, तेव्हा ती फ्रेंच भाषेचे वर्ग आणि त्यासाठीच्या देणग्या बरोबर घेऊन आली. आणि इतकी वर्षे ती शाळा चालविणारे आईबाप आपल्याच घरात पाहुण्यासारखे बाजूला उभे राहिले. ही माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी लिहिले ते खरेच त्यांच्या मनात होते. फक्त मनातले हे आणि मुलाचे दप्तर या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या खुंट्यांना टांगल्या होत्या.

इथे कोणी म्हणेल, एका कुटुंबाने काय होणार? थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली याचे उत्तर एका खेळाने दिले. पटावर दोन रंगांच्या सोंगट्या मांडा. प्रत्येक सोंगटीचा हट्ट एवढाच की, माझ्या शेजाऱ्यांत निदान काही जण माझ्या रंगाचे असावेत. सगळे नकोत, थोडे पुरेत. तेवढे नसले की तिने दुसरे घर शोधायचे. थोड्या खेळ्यांनंतर पाहावे तो पट दुभंगलेला असतो. एकाही सोंगटीने दुसऱ्या रंगाचा द्वेष केलेला नसतो. शाळेचेही असेच होते. चार घरे गेली की पाचवे बिचकते. घरपट्टीवर शाळा चालतात अशा देशात तर शाळेची खरी फी घराच्या किमतीतच भरलेली असते. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, शहराच्या शाळांसाठी उपनगरांना या बंधनात ओढता येणार नाही. मग काय, गावाची वेस ओलांडली की सद्सद्विवेकबुद्धीही सुटली!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या मुलाचे चांगले पाहण्याचा हक्क कुठवर पोचतो?

हॅना आरेंट या विदुषीने वृत्तपत्रातले एक छायाचित्र पाहून १९५९ साली निबंध लिहिला. शाळेतून घरी निघालेली आणि जमाव पाठीशी लागलेली एक काळी मुलगी त्या छायाचित्रात होती. आरेंटबाई स्वतः ज्यू म्हणून जर्मनीतून परागंदा झालेल्या. त्यांचे म्हणणे असे की, जे काम मोठ्यांना जमले नाही ते लहानग्यांच्या अंगावर टाकणे बरे नव्हे. हे बोलणे सहज उडवून लावता येण्यासारखे नाही. पण राल्फ एलिसन या काळ्या कादंबरीकाराने त्यांना उत्तर दिले की, त्या मुलीच्या आईबापांनी काय जोखून तिला पाठविले हे तुम्हांला कळलेले नाही. जग कसे आहे हे तिने भिऊनही भोगून घ्यावे, नाही तर पुढे ती जगणारच नाही, हे त्यांना ठाऊक होते. आणि आरेंटबाईंनी एलिसनला पत्र लिहून हे मान्य केले.

या वादात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ‘मुलाचा बळी देऊ नये’ हे वाक्य खरे म्हणजे रूबीच्या आईने म्हणायचे. कारण दगड तिच्या मुलीवर येणार होता. ते म्हटले मात्र दुसऱ्याच लोकांनी, ज्यांच्या मुलांना फक्त एका बाकावर सरकून बसायचे होते. ज्याला खरोखर द्यावे लागले त्याने त्याला कर्तव्य म्हटले, आणि ज्याला जवळजवळ काहीच द्यायचे नव्हते त्याने त्याला बलिदान म्हटले. एकत्र शिकल्याने काळ्या मुलांचे पुढचे शिक्षण, मिळकत आणि प्रकृतीसुद्धा सुधारली, आणि गोऱ्या मुलांचे त्यात काही नुकसान झाले नाही, हे रकर जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाने पुष्कळ वर्षांची माहिती तपासून २०१९ साली ग्रंथरूपाने मांडले आहे.

मायेला सीमा घालायची तर ती अशी घालावी. आई मुलाकडून रोज पाढे म्हणवून घेते. त्याला इतरांपेक्षा अधिक मिळते. त्यात अन्याय नाही. कारण ती शेजारच्या मुलाचे पाढे पुसून टाकीत नाही. पण जिथे माझ्या मुलाचे पान वाढण्यासाठी दुसऱ्याला पंगतीतून उठावे लागते, तिथे ती माया राहत नाही, ती वाटमारी होते. मुलाचा खरोखर छळ होत असेल, त्याला लागणारी सोय नसेल, तर शाळा बदलावी. कोणी दोष देणार नाही. परंतु शाळेची पायरीही न चढता, नुसते आत येणाऱ्या चेहऱ्यांवरून जी शाळा ‘वाईट’ ठरते, तिथे आपण मुलाचे हित पाहत नसतो; आपले भय त्याच्या दप्तरात भरत असतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोऱ्या मुलाची संगत म्हणजे काही औषधाची मात्रा नव्हे. शाळा एक झाल्या तेव्हा दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या मुलांकडे आशेने पाहणारे डोळे त्या मुलांनी गमावले. म्हणूनच ड्यू बॉइस या विचारवंताने १९३५ सालीच बजावले होते की, शाळा वेगळी की मिसळलेली हा मुख्य प्रश्न नव्हे, शिक्षण खरे की खोटे हा आहे. याच ड्यू बॉइसना १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेला तो मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला. सातासमुद्रापलीकडची ही व्यथा त्याला कोणी समजावून सांगावी लागली नाही. आणि आपल्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला, तोही अमेरिकेच्या निकालाआधी पस्तीस वर्षे. हुकूम आपल्याकडेही निघाले. बाके आपल्याकडेही रिकामी झाली.

कायदा दार उघडू शकतो. कोणाला आत आणून बसवू शकतो. पण शेजारच्या मुलाला आपल्या मुलाचा वर्गमित्र मानण्याची सक्ती तो करू शकत नाही. ते काम घरात, जेवणाच्या वेळी होते. मुले आपले उपदेश विसरतात. आपण त्यांना कोणापासून दूर नेले, हे मात्र त्यांच्या पक्के ध्यानात राहते. आपल्या बाब्यावर माया करावी, पोटभर करावी. फक्त ज्याला आपण कार्टे म्हणतो, तोही कोणाचा तरी बाब्याच आहे आणि त्याची आईही जून महिन्यात तीच चिंता उराशी घेऊन शाळेच्या दारात उभी असते, एवढे ध्यानात असू द्यावे.